आधी तिला विचारा

मशिदीच्या उंच उंबरठ्याशी दोघा वाटसरूंनी तुर्दीबाबांची चाकांची खुर्ची उचलायला हात घातला, तसे म्हातारबुवा खवळले.

"हात काढा! मी काय खरबुजांचं पोतं आहे?"

"आधी विचारावं, दादा," बाबांची गाइड अनोरगुल त्या दोघांना म्हणाली. आपल्याही चाकांच्या खुर्चीमागची फळी सोडून तिने ती उंबरठ्यावर टाकली, चाकांना रेटा देऊन स्वतः वर चढली आणि वळली. "या बाबा. उजवं चाक सांभाळा."

बाबा चढले.

पाय गेल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते. लेकीने, मुयस्सरने, हट्टाने त्यांना खिव्याचं जुनं शहर दाखवायला आणलं होतं. गाइडही खुर्चीतलीच आहे हे पाहून सकाळी ते कुरकुरले होते, "छान! आंधळ्याला आंधळा वाटाड्या." दुपारी मात्र शेपूच्या हिरव्या शेवया खाताना ते लेकीला हळूच म्हणाले, "दगडी फरशीवर कशी जाते बघ पोरगी. घोड्यावर बसल्यासारखी."

उन्हं कलताना तिघं किल्ल्याच्या बुरुजाखाली आली.

"वरून सगळं शहर दिसतं," अनोरगुल सांगू लागली. "मातीची धाबी, निळा मनोरा. या वेळी भिंती मधाच्या रंगाच्या होतात."

दोन पहारेकरी पुढे आले. "बाबा, नेऊ का वर?"

बाबांनी अनोरगुलकडे पाहिलं. "तू किती वेळा गेलीस?"

"मी? मी पाहुण्यांच्या फोटोंत पाहते."

"म्हणजे गेलीच नाहीस?"

"मी खाली पिशव्या सांभाळते ना," ती हसली. "आणि मला कोण विचारणार, बाबा?"

बाबा पहाऱ्यावरच्यांकडे वळले. "आधी तिला विचारा. मग मला."

अनोरगुलने मांडीवरची फळी उगाच सरळ केली. मग होकारार्थी मान हलवली.

वर वारा होता. पहारेकऱ्यांनी बाबांची खुर्ची तिच्याशेजारी टेकवली, तेव्हा ती कठड्यावरून वाकून खाली पाहत होती.

"अगं, सांग की! हा मनोरा कुणाचा, तो घुमट कुणाचा?"

तिचं लक्ष नव्हतं. तटाच्या आत, एका अंगणात, एक बाई खाटेवर जर्दाळू पसरत होती. अनोरगुलने फोन लावला. खालच्या बाईने झग्याला हात पुसून आपला फोन कानाला लावला.

"आई, बघ ना, मी दिसते का?"

बाई लगबगीने दाराशी गेली आणि गल्लीत डोकावू लागली.

"तिकडे नाही गं," अनोरगुल म्हणाली. "वर बघ."