दोन भावांमधला कापडी टेप

सकाळचे ऊन या खोलीत घाईने येत नाही. आधी ते खिडकीच्या गजांवर थोडे थांबते, मग चौकटीवरून हळूच उतरते, टेबलावरच्या घराच्या नकाशावर पसरते, कागदाच्या पिवळ्या पडलेल्या कडा क्षणभर उजळते आणि शेवटी माझ्या पितळी मुठीपाशी येते. तिथे ते जेमतेम पाच मिनिटे टिकते. त्यात विशेष काही नाही, रोजचेच ऊन. पण ज्याला कोणी हात लावत नाही, त्याला तेवढीच सोबत असते.

मित्रांनो, मी एक जुना कापडी टेप आहे, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेला. माझा धनी गवंडी होता. मी अगदी नवा असताना त्याने स्वतःसाठी चाळीस फूट रुंदीची जागा घेतली, माझ्याच साक्षीने ती मधोमध विभागली आणि दोन मुलांसाठी वीस-वीस फुटांवर दगड रोवला. पुढे तीस वर्षे मी त्याच्याबरोबर पाये मोजले, भिंती मोजल्या. पावसात भिजलो, उन्हात वाळलो, दोन्ही टोकांनी कचकून ओढला गेलो. कामावर वाद झाला की धनी म्हणे, "टेपला विचारा." त्या शब्दाने मी सुखावत असे.

धनी गेला. थोरल्याने घर बांधले, दगडाच्या रेषेवर कुंपणाची भिंत घातली. मग धाकट्याने नकाशा काढला. अरुंद जागेत घर बसवायचे म्हणजे कसरतच. खाली खांब, खांबांमध्ये गाडी, कडेला जिना आणि मागे आईची खोली. आई चाकांच्या खुर्चीत होती, थोरल्याकडे राहत होती. गाडीच्या बाजूने तिची खुर्ची जायला तीन फूट हवे होते आणि नकाशात तेवढेच उरत होते. धाकट्याने मला ओढून धरले. एकोणीस फूट आठ इंच.

"दादा, तुझी भिंत माझ्या जागेत चार इंच आलीय."

"भिंत बाबांच्या दगडावर आहे. दगड काय चालत आला?"

"टेपही बाबांचाच आहे. तो खोटं बोलतोय का?"

"मग आमचीही बाजू मोजा की, भावोजी," वहिनी म्हणाली.

"तुमची कशाला मोजायची? ती जास्तच भरणार."

"चार इंचांत आम्ही काय दिवाणखाना काढलाय?"

"काढाल. तुमचा काय भरवसा."

खिडकीतून आई म्हणाली, "अरे, मला आडवी उचलून न्या, पण गप्प बसा." तिच्याकडे कोणी पाहिले नाही. मी मात्र डबीत ताठ होऊन बसलो होतो. माझ्यावर इतका विश्वास धन्यानंतर कोणी टाकला नव्हता.

धाकट्याने भिंतीवर खडूने रेघ ओढली. थोरल्याने ती पुसली. मग वकिलाचे पत्र गेले. ते वाचून थोरल्याने दुसऱ्याच दिवशी मजूर लावून भिंत पाडली आणि मागे सरकवून बांधली.

"घे. चार नाही, सहा इंच घे. पण आईला न्यायचं नाव काढायचं नाही आणि या दारात यायचं नाही."

काम सुरू करायला इंजिनिअर आला. त्याने पोलादी टेप लावला. वीस फूट सहा इंच.

"वीस फूट दोन इंच असायला हवं," धाकटा म्हणाला.

इंजिनिअरने मला त्या टेपशेजारी अंथरले, दोघांचे आकडे जुळवून पाहिले. "साहेब, तुमचा टेप वीस फुटांत चार इंच खातोय, तेवढं कमी दाखवतोय. कापडी टेप जुना झाला की असंच होतं."

धाकटा मला घाईने डबीत गुंडाळू लागला. मग म्हणाला, "हे बाहेर कुठे बोलू नका."

घर झाले. गाडीच्या बाजूने साडेतीन फुटांची वाट आहे. तिच्यावरून खुर्ची कधी गेली नाही.

मित्रांनो, मापाची साधने जपा. ती ओली गुंडाळू नका, उगाच ताणू नका, वर्षातून एकदा दुसऱ्या मापाशी ताडून पाहा. आणि फरक निघाला, तर माणसावर बोट ठेवण्याआधी दोन्ही बाजू मोजा. हे मी तुम्हाला सांगतो. स्वतःला मात्र इतकी वर्षे हेच सांगत आलो की पोलादी टेपच थंडीने आखडला असेल.

तो आखडला नव्हता. मी ताणलो होतो.