आवरून ठेवलेला प्रोग्रॅम

डोंगरातलं सरोवर फुटलं आणि आक-तेरेक गावाची खालची आळी वाहून गेली. माणसं अजून चिखलातून निघत होती, तोवर लोकांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला: सातिबाल्दी आगाय; आगाय म्हणजे गुरुजी. बिश्केकच्या संस्थेत, कुठलं सरोवर फुटलं तर पूर कुठवर येईल याचं गणित करण्यात म्हाताऱ्याचा जन्म गेला होता. त्यांच्याच अहवालात छापलं होतं की पूर जुन्या गिरणीपाशी थांबेल, खालच्या आळीला धक्का नाही. त्या आकड्यावर घरं बांधायला परवानगी मिळाली. मग काय, म्हाताऱ्याने ठेकेदाराकडून पैसे खाल्ले, हे म्हणायला पुरावा कशाला लागतो? मेलेल्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला आगाय गेले, तर त्यांना कुणी चहाचं विचारलं नाही. दारात डोक्यावरची नमद्याची टोपी, कल्पाक, हातात धरून थोडा वेळ उभे राहिले आणि तसेच परत आले.

बुरुलच्या जिवाची तगमग होत होती. ती आगायची विद्यार्थिनी, आणि संस्थेच्या प्रोग्रॅम-संग्रहाची राखणदार. ज्या प्रोग्रॅममधून एखादा आकडा निघाला, तो ओळन् ओळ तिच्याकडे जमा व्हायचा. एकदा जमा झाला की खुद्द संचालकांनाही त्यातला काना-मात्रा हलवता येत नसे. उद्या कुणी विचारलं, बाबांनो हा आकडा आणलात कुठून, तर पन्नास वर्षांनीसुद्धा तोच प्रोग्रॅम चालवून तोच आकडा काढून दाखवता यावा, एवढ्याचसाठी तिने उमेदीची वर्षं तिथे घातली होती. जुनी मशीनं भंगारात गेली तरी त्यांच्यावरचे प्रोग्रॅम तिने नव्या मशीनवर जगवले. बुरुल एजेला, म्हणजे बुरुलताईला, सासर नाही, प्रोग्रॅम आहेत, असं संस्थेतले लोक तिच्या तोंडावर म्हणायचे, आणि तीही हसून घ्यायची.

चौकशी समितीने सरळ हिशेब मांडला. संग्रहातला प्रोग्रॅम आमच्यासमोर चालवा. अहवालातलाच आकडा आला, तर म्हातारा चुकला, पण इमानाने चुकला. वेगळा आला, तर आकडा हाताने फिरवला, आणि मग तुरुंग. बुरुलला हायसं वाटलं. हेच तर ती आयुष्यभर सांगत आली होती. आदल्या दिवशी ती आगायच्या घरी जाऊन सांगून आली की आता उद्या एकेकाची तोंडं बंद होतील. आगायच्या बायकोने, तोतुगुलआपाने, कितीतरी दिवसांनी बोरसोक, सणासुदीचे पिठाचे तुकडे, तळले.

समितीसमोर प्रोग्रॅम चालला. पडद्यावर पूर गिरणी ओलांडून खाली उतरला, खालच्या आळीतून गेला आणि शाळेच्याही पुढे जाऊन थांबला. जसा खरोखर आला होता, अगदी तसाच.

समितीचे अध्यक्ष तुर्दुमामात यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मशीनने खरं सांगितलं होतं," ते म्हणाले. "खोटं लिहिलं ते माणसानेच."

आगाय बाकावर बसून पडद्याकडे बघत होते, आपण हे काय बघतोय ते न कळल्यासारखे. बुरुलने थोडा वेळ मागितला. मंडळी चहाला गेली आणि ती प्रोग्रॅम वाचायला बसली.

आणि तिला दिसलं. प्रोग्रॅम कसा लख्ख होता! सगळ्या सुरुवातीच्या ओळी, हे शून्य करा, ते शून्य करा, नीट एकाखाली एक माथ्यावर रचलेल्या. संस्थेत सगळ्यांचीच ही खोड होती. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरतो ना, तसे लोक जमा करण्याआधी प्रोग्रॅम आवरायचे. बाहेरचं कुणी बघेल, काय म्हणेल! बुरुलही त्यातलीच. गबाळा प्रोग्रॅम आला तर टोमणा मारून परत धाडायची. आवरलेला प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. आकडा तर आधीच छापून झालेला असायचा.

पाणी घळीतून उतरताना दर वळणावर दगड-चिखल उचलतं, त्याची बेरीज पुढे न्यायची असते. तिने ती बेरीज शून्य करणारी माथ्यावरची ओळ उचलली आणि, आवरण्याआधी असावी तशी, वळणांच्या हिशेबाच्या आत ठेवली. आता दर वळणाला बेरीज पुन्हा शून्यावर येऊ लागली. प्रोग्रॅम चालवला. पूर गिरणीपाशी थांबला. अहवालातला आकडा, दशांशासकट.

मंडळी परतल्यावर तिने दोन्ही आकडे दाखवले. तुर्दुमामातनी विचारलं, मग ज्याच्यावरून अहवाल लिहिला, तो न आवरलेला प्रोग्रॅम कुठे आहे? कुठेच नाही, ती म्हणाली.

"आणि संग्रहातले बाकीचे?"

बुरुलला कळत होतं आपण काय बोलणार ते. गप्प बसली तर एकट्या आगायनीच प्रोग्रॅम बदलला असं ठरून ते आत जाणार. बोलली तर आपल्याच पायावर आपणच धोंडा.

"ते पण असेच आवरलेले," ती म्हणाली. "माझ्या संग्रहावर विसंबू नका."

लाचेचा आरोप गेला. त्याच दिवशी संग्रहाच्या खोलीला टाळं लागलं, आणि जिल्ह्यातल्या सगळ्या सरोवरांचे आकडे रद्द झाले. त्यांच्याखाली राहणारी माणसं मात्र तिथेच राहिली, जायचं कुठे?

ती आगायना घरी सोडायला गेली. तोतुगुलआपाला बातमी अगोदरच लागली होती. तिने दारातच बुरुलच्या कपाळाचा मुका घेतला, रडली, चहा मांडायला आत गेली. आगाय कोट न काढताच बसले.

"कुठली ओळ, बुरुल?"

तिने सांगितलं.

"ती मी वर नेली. म्हणजे चूक माझ्या हातून सुधारली होती."

"तुम्हाला ते कळलं नव्हतं, आगाय. तुम्ही नुसतं आवरत होतात."

"एकदा चालवून बघितला असता तर कळलं असतं. घरांचे पायेसुद्धा खणले नव्हते तेव्हा."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. म्हातारा आपल्या हातांकडे बघत होता.

"पोरी, तू गप्प बसायला हवं होतंस," आगाय म्हणाले. "लाच खाल्ली म्हणत होते, तोवर मी घरी येऊन हिला सांगत होतो, ते खोटं आहे म्हणून. आता हे तर खरंच आहे, काय सांगू?"