पंप गप्प झाला तेव्हा

“अर्धा तास नुसतं लक्ष ठेवायचं,” परीक्षक बाई म्हणाल्या. “गरज पडली तरच हात लावायचा.”

शाळेच्या तळघरात बॉयलरमामा खुर्चीच्या कडेवर टेकले. सव्वीस हिवाळे त्यांनी शाळा गरम ठेवणारा इथला बॉयलर सांभाळला होता. राज्य सरकारच्या नव्या योजनेत तो भंगारात गेला. त्याच्या जागी वर्ग गरम करणारा विजेवरचा हीट पंप आला, भिंतींना आतून जाड अस्तर लागलं, खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या. जुन्या माणसांना काढणार नव्हते, फक्त प्रमाणपत्र मिळवायचं होतं. ‘फक्त’ म्हणायला सरकारचं काय जातं? मामांची परीक्षेची ही दुसरी खेप होती, आणि तिसरी मिळत नाही.

लेक महिनाभर त्यांचा अभ्यास घेत होती. सकाळी निघताना म्हणाली, “बाबा, घाई करू नका. तुमचे हात फार शिवशिवतात.”

पंप घुमत होता. मामा जिवाचा कान करून ऐकत होते. विसाव्या मिनिटाला घूं घूं मंदावली आणि थांबली.

मामा ताडकन उठले. बॉयलर गप्प झाला म्हणजे ज्योत विझली, गॅस साचायला लागला, आणि वर तीनशे पोरं. अशा वेळी विचार करत बसायचं नसतं. त्यांनी सगळं बंद करणारं लाल बटण दाबलंसुद्धा.

“का दाबलंत?”

“आवाज बंद झाला, बाई.”

“बंदच व्हायला हवा होता.” बाईंनी कागदावर एकच शब्द लिहिला. उलट्या बाजूनंही मामांना तो वाचता आला: अनुत्तीर्ण. बाईंनाही वाईट वाटलं असावं. “वर चला माझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या.

शाळा भरलेली असताना मामा कधी वर गेले नव्हते. वर्ग तापवणारे नळ तपासायचे ते सुट्टीत. आज बाहेर बर्फ पडत होता आणि वर्गात एकाच्याही अंगात कोट नव्हता.

“वर्ग पुरेसा गरम झाला की पंप आपोआप थांबतो,” बाई हळूच म्हणाल्या.

“आधी पोरं कोट घालून बसायची?” मामांनी शिक्षिकेला विचारलं.

“हातमोजेसुद्धा. खिडकीकडची तर कुडकुडायची बिचारी.”

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली आपण जीव तोडून आग राखली, आणि ती सगळी फटींतून बाहेर जात होती. आपल्याला कुणी सांगितलंही नाही, आणि आपणही विचारलं नाही.

खिडकीजवळ एक मुलगी बाह्या सारून चित्र काढत होती. तिनं मान वर केली. “काका, तुम्ही कोण?”

शाळा गरम ठेवतो, हे नेहमीचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं. मामांनी ते गिळलं.

“कुणी नाही गं,” ते म्हणाले. “बघायला आलो होतो. काढ तू चित्र.”