हँडलची थरथर

"हुतंय का आजून?" देविदासनं विचारलं.

गीतांजलीनं गाडी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली घेतली आणि हेल्मेट काढलं. "हुतंय की बाबा. पन्नास-साठला काहीच न्हाई. ऐंशीला काटा गेला की हँडल असं..." तिनं दोन्ही मुठी पुढे धरल्या आणि थंडी वाजून आल्यासारख्या हलवून दाखवल्या.

"म्हंजे हवेचा दोष न्हाई. बबलू, पयली व्हती तेवढीच हवा कर परत."

बबलू मेकॅनिक पायपंप गुंडाळायला लागला होता. त्यानं कपाळाला हात लावला. "परत कशाला मामा? आता भरलीय तर ऱ्हाऊ द्या की."

"एका येळी एकच बदलायचं. दोन बदलले तर कशानं बरं झालं ते कसं कळंल?"

"ताई, तुमचे बाबा गाडीला बी परीक्षेला बसवून ऱ्हायले," बबलू म्हणाला आणि गुडघ्यावर बसून हवा सोडायला लागला.

रविवारची सकाळ होती. लातूरहून नांदेडकडे जाणारा रस्ता आष्टामोडच्या पुढे सरळ आणि मोकळा पडला होता. देविदासची नोकरी लातूरच्या ज्युनियर कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. तो शिक्षक नव्हता, परिचर होता. लंबक टांगणं, भिंगं पुसणं, तारा जोडून ठेवणं हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर त्याला एका कोचिंग क्लासनं बोलावलं. तिथं गावोगावची पोरं पाठ करून यायची आणि पाठ करून जायची. त्यातलं एखादं मागं रेंगाळून विचारायचं, "मामा, पण असं का होतं?" त्या पोरासाठी तो पुन्हा सगळं मांडून दाखवायचा.

गीतांजली त्याची एकुलती एक लेक. जनावरांची डॉक्टर. जळकोट तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर फिरायची. तिथल्या दगडगोट्यांच्या वाटांवर स्कूटर टिकेना म्हणून तिनं ही उंच ॲडव्हेंचर मोटारसायकल घेतली होती आणि तिला नॉबी टायर बसवले होते. जाड गुट्ट्यांचे, ट्रॅक्टरच्या टायरचे धाकटे भाऊ शोभतील असे. चिखलात त्या गुट्ट्या रुततात आणि गाडी ओढून काढतात. डांबरावर मात्र त्याच गुट्ट्या रबरी पायांसारख्या लवतात, आणि पुढचं चाक थोडं चाळवलं तर त्याला आवरायला कमी पडतात. दवाखान्यात स्ट्रेचर जोरात ढकलला की त्याचं पुढचं चाक कसं फडफडतं, तसं काहीसं. पण तशाच टायरच्या दुसऱ्या गाड्या बिनघोर पळतात. मग हीच का थरथरते?

गेल्या आठवड्यात अहमदपूरजवळ ती पडता पडता वाचली होती. घरी येऊन तिनं हसत सांगितलं, पण देविदासच्या हातातला घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या गाड्या घेणाऱ्या उदगीरच्या संगप्पाला गाडी विकायचा शब्द देऊन टाकला आणि क्लासच्या सरांना लेकीच्या नोकरीचं विचारलं. सर खूश झाले. जीवशास्त्र शिकवायला त्यांना माणूस हवंच होतं. तळमजल्यावर वर्ग, पगार दुप्पट. आज दुपारपर्यंत कळवायचं होतं.

"मला वर्गात उभं नका करू बाबा," गीतांजली म्हणाली होती. "रविवारपर्यंत थांबा. दोष सापडला तर गाडी माझी. न्हाई सापडला तर तुमी म्हनाल तसं."

ही अट देविदासला नाकारता आली नाही. सापडेपर्यंत शोधायचं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

बबलूनं हँडलच्या दांड्याचं बेअरिंग तपासलं. पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवलं, मग पुढच्या चाकाचा फोर्क धरून मागेपुढे ओढून पाहिला. "ढिल्लं न्हाई. कंपनीतून आलंय तसंच हाय."

"चाक?"

"सरळ फिरतंय. टायर बी सारखा झिजलाय."

"मंग तुझे हात," देविदास लेकीला म्हणाला. "भ्या वाटलं की तू गच्च धरतीस. हँडलला सवताचं सावरू दे. लहानपनी सायकल शिकताना सांगितलं व्हतं बघ, चिमणी धरल्यावानी धर."

"तवा तुमी मागून कॅरिअर धरून पळत व्हता. सोडतच नव्हता!"

"पडली न्हाईस ना?"

"शिकले बी उशिरा."

बबलू खो खो हसला. ती गेली, लांबवर ठिपक्याएवढी झाली आणि परत आली. "कमी झालं. पर हाय आजून."

देविदास विचारात पडला. सगळी पोरं निघून गेल्यावर एखादा प्रयोग चुकीचं उत्तर देत राहायचा, तेव्हा तो असाच ओठ दुमडून उभा राहायचा. त्याला त्या वेळी राग येत नसे, उलट गंमत वाटे. आज मात्र गंमत आणि भीती एकाच जागी येऊन बसल्या होत्या.

"मी बसतो मागं," तो म्हणाला.

"तुमी?" गीतांजली बघत राहिली. भूकंपानं जमीन हादरली त्या सालापासून तिच्या बापाला कुठलीच थरथर सोसत नव्हती. ट्रक गेला, खिडकी वाजली की तो ताटावरून उठून अंगणात जायचा. घरात अजूनही पेल्यावर पेला उपडा घालून ठेवलेला असायचा. हादरा आला तर पडेल, आवाजानं जाग येईल. गावं नवी वसली, लोकांनी मजले चढवले, पण देविदासचा पेला हलला नाही.

तो बसला. मागच्या पेटीला पाठ टेकली, लेकीच्या खांद्यावर हात ठेवले. काटा सत्तरला गेला. ऐंशीला पोचायच्या आधीच हँडल फडफडलं आणि गाडीच्या सांगाड्यातून ते देविदासच्या मांड्यांत, पाठीत, दातांत चढलं. त्यानं डोळे मिटले नाहीत. गीतांजलीनं ब्रेक न दाबता हळूहळू वेग उतरवला.

उतरल्यावर त्याचे डोळे चमकत होते. "मी बसलो आन वाढलं! आधी ऐंशीला व्हतं, आता त्याच्या आधीच. म्हंजे मागं वजन पडलं की पुढचं चाक हलकं पडतंय. मूळ दुखनं मागं हाय गीते, पुढं न्हाई."

"पर मी तर एकटीच चालवते. मागं कोनबी नसतंय."

बोलता बोलता दोघांचीही नजर एकाच ठिकाणी गेली. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर बसवलेली पत्र्याची पेटी. तिच्यात औषधांची थैली होती, आणि त्याखाली देविदासनं गाडी घेतली त्याच दिवशी स्वतःच्या हातानं भरून ठेवलेलं सामान. घोंगडी, दोर, बॅटरी, चणे-गूळ, शिट्टी. आणि पाण्यानं गळ्यापर्यंत भरलेला पारदर्शक कॅन. अशीच एक पिशवी घरच्या दाराशी असायची.

बबलूनं कॅन उचलून पाहिला. "ह्ये रोज मागं बांधून फिरता ताई? मला सांगायचं तरी!"

गीतांजली मातीकडे बघत होती. "तेवढं काढून बघायचं माझ्या दोनदा मनात आलं बाबा."

"मंग?"

"तुमी ठिवलं व्हतं ना."

हवा बदलली, हात बदलले, मागं माणूस बसवलं. हे एक देविदासनं धरलंच नव्हतं. त्याच्या लेखी ते वजन नव्हतंच. ती भूकंपाची पहाट होती, दगडमातीची घरं खाली बसली होती आणि त्याची धाकटी बहीण धुरपता ढिगाऱ्याखालून पाणी मागत होती. लातूरहून तो पोचला तेव्हा आवाज येत होता. दगड उपसेपर्यंत यायचा थांबला.

त्यानं एकेक वस्तू काढून बाभळीखाली ठेवली. शिट्टी तेवढी हातात राहिली. ती त्यानं गीतांजलीच्या जॅकेटच्या खिशात घातली आणि चेन ओढली.

"एवढी चालंल?" त्यानं विचारलं.

"हाव. हिचं वजन न्हाई."

ती गेली. देविदास कॅन मांडीवर घेऊन दगडावर बसला आणि कान देऊन ऐकत राहिला. इंजिनाचा सूर चढत गेला, चढत गेला आणि एकसारखा झाला. लांबून वळून ती परत आली ती त्याच वेगात, त्यांच्यासमोरून सरळ रेघेसारखी निघून गेली. बबलूनं दोन्ही हात वर करून आरोळी दिली.

खिशात फोन वाजला. क्लासचे सर होते.

"न्हाई सर," देविदास म्हणाला. "ती फिरतीवरच ऱ्हानार म्हनते... हाव, मी बी तेच म्हनतो. दुसरं कोनी बघा."

संगप्पाला संध्याकाळी सांगता येईल, असं त्यानं ठरवलं. मग त्याचं लक्ष कॅनकडे गेलं. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी आतलं पाणी बारीक बारीक थरथरत होतं. त्यानं जरा वेळ नवलानं पाहिलं, तेव्हा थरथर आपल्याच मांडीची आहे हे त्याच्या ध्यानात आलं. मग कॅन मांडीवरून उचलून जमिनीवर ठेवला, हात काढून घेतला, आणि पाणी स्थिर होईपर्यंत वाकून बघत राहिला.