चांगुणाले एक वर्ष माफ

माही धाकटी जाऊ चांगुणा अन् मी, दोघींचीही नावं बुलढाण्याच्या मास्तरकीच्या ट्रेनिंगले एकाच दिवशी लागली. ट्रेनिंग दोन वर्षांचं. पण चांगुणाले त्यातलं एक वर्ष माफ होऊन राह्यलं, असं कानावर आलं. काऊन? तर आमच्या जानेफळात तिनं इतकी वर्षं बालवाडी चालवली म्हणून! मोठ्या वयाच्या बायांनी आधी केलेलं कामही शिक्षणातच धरायचं म्हणे.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लेकरं झाल्यावर सातवी काढली. चुलीपुढं पुस्तक धरून डोळे फुटले माहे. अन् ही बया आयत्या पिठावर रेघोट्या मारणार! बरं, आमच्या गावच्या शाळेत बाईची जागा निघणार होती एकच. जी आधी शिकून येईन, तिची. दुसरीनं मग जावं संग्रामपुराकडं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाले, घरदार सोडून. मले गावातच राहायचं होतं, माह्या लेकरांत.

चौकशीले मेहकराहून शाळाखात्याच्या साहेबीणबाई आल्या. आमच्या गल्लीत शिकलेली बाई मीच, म्हणून मलेच विचारलं, "कलाबाई, ही खरंच शिकवते का?"

चांगुणा बाजूलेच पदर चावत उभी. मनात म्हटलं, आता सापडली बरी!

"शिकवते कायची जी!" मी सुरू झाली. "साऱ्या गल्लीचे पोट्टे बिघडवले तिनं. एक पोट्टं मायसंग वावरात येत नाई. भाकर खाल्ली का पळालं हिच्याकडं. मागं ही डोणगावले माहेरी गेली, तर हे सारे हिच्या ओट्यावर जाऊन बसले, अन् मोठे लहान्यायले अक्षरं गिरवायले लावून राह्यले! माही भिमी, एवढीशी पोट्टी, जेवायच्या आधी मलेच हात धुवायले लावते. बाजारात नेली तर दुकानादुकानापुढं पाटी वाचत उभी राह्यते. कोणं सांगतलं? तर काकूनं! उठलं का काकू, बसलं का काकू. मी तिची माय आहो का कोण आहो?"

साहेबीणबाई हसल्या नाईत. "बस," म्हणाल्या, "मला एवढंच पाहिजे होतं." अन् चांगुणाले वर्ष माफ झालं.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! चांगुणा लगेच माह्या पाया पडाले आली. "बाई, सख्खी बहीण बी माह्यासाठी एवढं नसती बोलली."

कायची बहीण! मी तिले उठवलं, चहा पाजला, अन् न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

चांगुणा वर्षात शिकून आली अन् जानेफळाच्या शाळेत बाई झाली. मागून माहं ट्रेनिंग संपलं, तर ऑर्डर आली संग्रामपूरची. मी पेटी भरली. भिमी चांगुणाच्या मांडीवर बसून होती.

"चाल व भिमे, माह्यासंग," मी म्हटलं.

पोरीनं चांगुणाकडं पाह्यलं, मग माह्याकडं. "पण माय, तिथं मले शिकवीन कोण?"

आता सांगा, दोन वर्षं काय भाकरी थापायले गेली होती मी बुलढाण्याले?