विहिरीची प्रार्थना

पाद्री स्तोइलने चाळीस वर्षं गावातली सगळी लग्नं ग्रीकमधून लावली. देवाला आपली बल्गेरियन बोली चालत नाही, असं शहरातल्या ग्रीक बिशपचं म्हणणं होतं. आणि स्तोइलला स्वतःला ग्रीकचं ओ की ठो कळत नव्हतं. वडीलही पाद्रीच; त्यांच्या वहीतून त्याने सगळं घोकलं होतं. पण आवाज असा दणदणीत, की अर्थ विचारायची कोणाची छाती झाली नाही.

मग ओदेसाला जाऊन ग्रीकसुद्धा शिकलेला ह्रुसान मास्तर गावात आला आणि लोकांना कंठ फुटला. कचेरीत राज्यकर्त्यांची तुर्की, चर्चमध्ये ग्रीक, मग आपली भाषा काय फक्त गुरं हाकायला? यंदापासून प्रार्थना बल्गेरियनमधूनच, असं गावाने ठरवलं.

मास्तर ती वही बल्गेरियनमध्ये उतरवायला बसला. लग्नाच्या पानाशी थबकला आणि हसू दाबत म्हणाला, "पाद्रीबाबा, ही तर विहीर शुद्ध करायची प्रार्थना. आत उंदीरबिंदीर पडून मेला तर म्हणायची."

स्तोइलने कपाळावर हात मारला. म्हणजे अर्धं गाव लग्नाशिवाय नांदतंय? आणि त्यांची पोरंबाळं?

"गप्प बसा की, कोणाला कळतंय!" मास्तर म्हणाला.

पण स्तोइलला ते पटेना. गाव आपल्याला हाकलून देणार, याची त्याला खात्री होती. तरी रविवारी भर चर्चमध्ये त्याने सगळं सांगून टाकलं.

मग मागून म्हातारा गेंको उठला. "म्हणजे इतकी वर्षं मी मोकळा होतो?"

"बस खाली, मेल्या!" त्याची बायको विदा गरजली. "तरीच म्हटलं, आमची विहीर कधी नासली कशी नाही! अहो पाद्रीबाबा, लग्न लागलं नसतं तर हा माझ्या शिव्या खात घरात टिकला असता का? आता खरी प्रार्थना वाचा. आम्हाला कळेल अशी."

सगळं चर्च खदखदून हसलं. स्तोइललाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

जोडपी पुढे येऊन रांगेत उभी राहिली. त्याने मास्तराने लिहिलेला कागद उघडला, तर रांगेच्या अलीकडच्या टोकाला त्याची बायको दोना एकटीच उभी.

"तू गं कशाला?" तो कुजबुजला.

"आपलं लग्न तुमच्या वडिलांनी लावलं. वही हीच होती ना?"

स्तोइल वेदीच्या पायरीवरून खाली उतरला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात दोनाचा हात धरून त्याने वाचायला सुरुवात केली. यांचं घर गव्हाने आणि तेलाने भरू दे, यांना एकमेकांची माया लागू दे... दणदणीत आवाज त्याने आज लावला नाही, पण सवयीने वाचत मात्र भरभर होता.

"जरा सावकाश," दोना म्हणाली. "मला सगळं ऐकायचंय."