वेळेवर आलेली मुलगी

आईने लिहिलेल्या रेडिओमालिकेचा शेवटचा भाग ध्वनिमुद्रित व्हायचा होता आणि आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. केंद्राच्या साहेबांनी लेकीला बोलावून घेतलं ते शेवट बदलायला तिची संमती हवी म्हणून. लेक संपादक, इतरांच्या कादंबऱ्यांची चिरफाड करण्यावर तिचं पोट. ती झटकन मान डोलावेल, असं साहेबांनी धरूनच ठेवलं होतं.

"घर रिकामं करायचा दिवस," साहेब म्हणाले. "सामान टेम्पोत चढलंय. शिवणकाम करणारी ती म्हातारी दाराला कुलूप घालणार, आणि नेमकी तेव्हाच हरवलेली मुलगी दारात हजर! अहो, किती जुनाट! लोक हसतील."

"मग काय व्हावं म्हणता?"

"टेम्पो निघतो. म्हातारी मागे वळून बघते. बस्स! पुढचं श्रोत्यांवर सोडायचं."

"रेडिओवर वळून बघते?"

म्हातारीचं काम करणाऱ्या बाई कोपऱ्यात चहा पीत होत्या, त्यांना ठसका लागला.

"साहेब, वळून बघणाऱ्या बायका माझ्या टेबलावर ढिगाने येऊन पडतात," लेक म्हणाली. "बघतात, गप्प राहतात आणि कादंबरी संपते. तोही साचाच आहे. तुमच्यापर्यंत उशिरा पोचला, एवढंच."

"म्हणजे वेळेवर आलेली मुलगी तेवढी चांगली?"

"चांगली नाही आणि वाईटही नाही. कोणाच्या दारात येते ते बघायचं."

आई शेवटचा प्रसंग सगळ्यात आधी लिहायची आणि मग पहिल्या भागापासून त्याच्या दिशेने चालत यायची. भावाने बोलावलं तरी ही म्हातारी हलली नाही. छत गळायला लागलं तरी हलली नाही. पोर आली तर याच पत्त्यावर येईल, म्हणून ठाण मांडून बसली. योगायोग शेवटच्या पाच मिनिटांचा. बाकी सगळा हट्ट. लेकीने हे साहेबांना सांगितलं, आवाज न चढवता.

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "राग मानू नका, पण आई गेल्या त्या दिवशी तुम्हीसुद्धा वेळेवर पोचू शकला नाहीत. खऱ्या आयुष्यात असं कोणी येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

"अहो साहेब!" बाईंनी कप खाली ठेवला.

लेक दवाखान्यात पोचली होती तेव्हा नर्स पलंगावरची चादर बदलत होती. नवी चादर कडक, इस्त्रीची घडी न मोडलेली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आयुष्याने माझी संमती मागितली नव्हती. तुम्ही मागितलीत. मी देत नाही."

मग तिने पर्समधून पेन काढलं, संहिता जवळ ओढली आणि आईच्या अर्ध्या पानावर काट मारली. मुलीच्या खांद्यावरचा तीळ गेला. तीळ पाहून म्हातारी फोडते तो हंबरडा गेला.

"बघा, तुम्हालाही पटलंच की!" साहेब खूश झाले.

"तीळ दुसऱ्या एखाद्या गोष्टीत शोभेल. हिला स्वतःची पोर ओळखायला पुरावा कशाला हवा?" आई, भांड आता, ती मनात म्हणाली. आई असती तर त्या तिळासाठी दोन दिवस अबोला धरला असता. काट मात्र तिने मागे घेतली नाही.

"आणि लोक हसले तर? तक्रारी आल्या तर?"

"माझा नंबर द्या."

बाईंनी पान हातात घेऊन चष्मा लावला. "हंबरडा काढलात. मग मी म्हणू काय?"

"खालची ओळ वाचा. आईचीच आहे. रडारडीत दबली होती."

बाईंनी ती ओळ पुटपुटून पाहिली, मान हलवली आणि तडक स्टुडिओत गेल्या. लाल दिवा लागला. दारावर थाप पडली, दार उघडल्याचा आवाज आला. म्हातारीने मुलीशी नव्हे, टेम्पोवाल्याशी बोलायला तोंड उघडलं, इतक्या जोरात की काचेपलीकडे साहेबांनी हेडफोन कानावेगळा केला.

"उतरव रे! सगळं सामान खाली उतरव!"